बालविभागाच्या ऐरोली सहलीसाठी मदतीचं आवाहन (कृपया शेवटपर्यंत वाचा)

सर्व सभासद, पालक आणि हितचिंतकांना नमस्कार,

आपल्या वाचनालयाचा बालविभाग यंदा मुलांना ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात नेतोय. मागे आपण गोरेगावला फिल्मसिटीजवळच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) केंद्रात गेलो होतो, त्या सहलीची आठवण मुलं अजून काढतात. तेव्हा बसचं सगळं भाडं स्टेशनरोडच्या मेडिकलवाल्या काकांनी भरलं, कोणी मागायला जायच्या आधीच, आणि आपल्या निवृत्त ग्रंथपाल बाईंनी पेन्शनमधून प्रत्येक मुलाला भिंग घेऊन दिलं. ती भिंगं आजही कपाटात शाबूत आहेत, मुलं स्वतः पुसून ठेवतात. ह्या दोघांचे उपकार वाचनालय विसरणार नाही.

ऐरोलीच का, असं काहीजण विचारतात. अहो, ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, आणि आपली मुलं ती खाडी फक्त लोकलच्या खिडकीतून बघतात! तिथे मॉडेल्स आहेत, माहिती सांगणारे आहेत, पण खरी मजा कांदळवनातल्या (खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलातल्या) पायवाटेवर. तिवराचं पान जिभेला लावलं की खारट लागतं, कारण झाड जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली मुळं श्वास घेतात, कांदळाच्या बिया झाडावरच रुजतात, निवटी मासे चिखलात उड्या मारतात. पुस्तकात हे सगळं आपल्याकडे आहेच हो, पण एकदा हाताने चाचपून बघितलं की मूल ते जन्मात विसरत नाही.

एक गोष्ट मन मोकळं करून सांगते. गेल्या वर्षी ह्याच ग्रुपवर आवाहन टाकलं तेव्हा अंगठे भरपूर आले, पैसे मात्र मोजक्या घरांतून आले आणि सहल रद्द करावी लागली. डबा काय आणायचा हे ठरवून बसलेल्या मुलांना ते मलाच सांगावं लागलं, फार वाईट वाटलं. ह्या वर्षी तसं होऊ देऊ नका.

एका मुलाचा खर्च साधारण ५०० रु. (बस, तिकीट, नाश्ता), ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या मुलाबरोबर अजून एकाचा भार उचलावा, १०० रु. सुद्धा चालतील, पैसे संध्याकाळी ६ ते ८ काउंटरवर, पावती घ्या, शेवटची तारीख २०, खाडीतली बोटीची फेरी भरतीवर अवलंबून म्हणून बसची वेळ नंतर कळवू, जुने बूट घाला, सोबत यायला तीन-चार पालक हवेत, नावं लगेच द्या.

सचिव, बालविभाग