मनूसाठी, वहिनीला

लीड्स
रविवार, रात्र

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तू बोलता बोलता थांबलीस आणि "ठेवते" म्हणालीस. आण्णा शेजारी बसले असणार. म्हणून हे पत्र. दुपारी सगळे आडवे झाले की निवांत वाच.

आधी माझी चूक सांगते. गेल्या गणपतीत आरती सुरू झाली तसे मनूने दोन्ही कानांवर हात दाबून धरले. मी ते हात ओढून खाली घेतले आणि त्याच्या हातात टाळ दिले. तो किंचाळत विहिरीकडे पळाला. हट्टी आहे, असं सगळे म्हणाले आणि मी गप्प राहिले. व्यवसायोपचाराचं काम करते मी, रोज अशाच मुलांबरोबर, मला कळायला हवं होतं. भरलेलं घर, झांजा, घंटा, कापराचा धूर. आपल्याला त्यातून आरती ऐकू येते, त्याच्या अंगावर मात्र सगळं एकदम येतं. कान झाकणं हा त्याने स्वतः शोधलेला उपाय होता आणि तोच मी काढून घेतला. अजून मनातून जात नाही ते.

आण्णा विचारतात, एवढ्याशा पोराला व्यवसाय कसला शिकवणार? 'व्यवसायोपचार' या शब्दाने हा घोळ होतो. साडेचार वर्षांच्या मुलाचा व्यवसाय म्हणजे जेवणं, खेळणं, शर्ट घालणं, चार पोरांत बसणं. त्यातलं काय अडतं, का अडतं ते पाहायचं आणि वाट काढायची. आणि हे काही परदेशातलं नवं खूळ नाही म्हणावं. परळच्या केईएममध्ये १९५० साली कमलाबाई निंबकरांनी याचं शिक्षण सुरू केलं. त्या जन्माने अमेरिकन, पण सून आपल्याकडची.

शाळेत आपण पाच इंद्रियं शिकलो. पण कानाच्या आत तोल सांभाळणारं एक इंद्रिय असतं, आणि हातपाय कुठे आहेत, किती जोर लावायचा हे स्नायू-सांध्यांतून कळतं ते वेगळंच. जीन एअर्स नावाच्या बाईंनी यावर पुष्कळ काम केलं, १९७२ साली त्यांचं पुस्तक आलं. या इंद्रियांना काम देऊन मुलाला सावरायच्या त्यांच्या पद्धतीने किती फरक पडतो याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, हेही तुला सांगायला हवं. पण जड काम केल्यावर शांत होणारी मुलं मी रोज पाहते.

तू पाठवलेल्या व्हिडिओत मनू वाडीतून पडलेली झावळी ओढत अंगणात आणतो. तुम्ही सगळे पाठीमागून "टाक ती, लागेल" म्हणताय. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. झावळी त्याच्यापेक्षा लांब आहे, पाय रोवून, पाठ वाकवून ओढतोय, आणि तेवढा वेळ त्याचं गोल गोल फिरणं पूर्ण थांबलंय. ओढू दे त्याला. जेवणाआधी दहा मिनिटं झावळी, नाहीतर अर्धी भरलेली कळशी तुळशीपर्यंत. मग पानावर बसव. झोपाळ्यावर पुढे-मागे हळू झोके दे. दोरीला पीळ देऊन गरगर फिरवणं रात्री नको, त्याने तो आणखी चेकाळेल. तू डाळिंब्या सोलायला बसशील तेव्हा मोडाचे चार वाल त्याच्यापुढे ठेव. चिमटीत धरून साल काढायची, म्हणजे उद्या पेन्सिल धरायची त्याचीच तयारी. चार झाले की पुरे. आणि तोंडात घालत नाही ना, तेवढं बघ.

नखं कापताना रडतो म्हणालीस. आंघोळीनंतर नखं मऊ असतात तेव्हा काप. कापण्याआधी त्या बोटाचं टोक तुझ्या दोन बोटांत घट्ट दाब, पाच आकडे मोज, मग काप. हलका स्पर्श अशा पुष्कळ मुलांना टोचतो, घट्ट दाब सोसतो. एका दिवशी एकच हात. शर्टाच्या मानेमागचं लेबलही उसवून टाक.

पण वहिनी, निदान मी फोनवरून करणार नाही. हाक मारल्यावर वळत नाही, तर सगळ्यात आधी कानांची तपासणी. मग रत्नागिरीला सिव्हिलमध्ये. तवसाळवरून फेरीबोटीने जयगडला उतरलात की रस्ता कमी पडेल. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात विकासातली दिरंगाईही येते, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. त्यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायला हवं. कधी येणार ते सेविकेला विचार, आणि त्या दिवशी मनूला घरी ठेवू नकोस. "बाप पण उशिरा बोलला होता" हे वाक्य मी खूप घरांतून ऐकलंय, आणि त्यात वर्षं जाताना पाहिली आहेत.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याने पोराला शिक्का बसेल ही दादाची भीती मला कळते. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे, आणि ४० टक्के वा जास्त दिव्यांगत्व ठरलं तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखला हक्क मागायला लागतो. मनू तोच राहील, आपला.

आणि दादाला हे वाचून दाखव. कुणी त्याला स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, उपचाराचं सांगितलंय, त्यासाठी तो वाडीतली कलमं गहाण ठेवायच्या गोष्टी करतोय. दादा, नको. ऑटिझमवर या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये सांगितलंय. आण्णांनी लावलेली कलमं आहेत ती. पैसे खर्च करायचेच तर रत्नागिरीच्या फेऱ्यांना कर, महिन्यातून दोनदा, आणि वहिनीला एकटीला पाठवू नकोस.

मी भाद्रपदात येते आहे. यंदा आरतीच्या वेळी मनू माझ्याबरोबर पडवीत झोपाळ्यावर बसेल. त्याला वाटलं तर आत येईल, नाही वाटलं तर प्रसाद तिथे आणून दे. काकूंना काय सांगायचं ते मी सांगेन.

झावळीचा आणखी एक व्हिडिओ पाठव. आण्णांना नमस्कार, मनूला पापा.

तुझी,
सुमा