‘एका रात्रीत’ कोण प्रसिद्ध झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला समकालीन लेखकांवरचा लेख वाचला, आणि सोमवार उजाडला तरी डोक्यातून जाईना. लेख आस्थेने लिहिला आहे, हे आधीच मान्य करते. पण बानू मुश्ताक ‘एका रात्रीत’ जगप्रसिद्ध झाल्या, हे वाक्य मला मुळीच पटले नाही. ज्या संग्रहाच्या इंग्रजी अनुवादाला २०२५चे आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले, त्यातल्या बारा कथा १९९० ते २०२३ या काळातल्या आहेत. बाईंनी आधी वार्ताहर म्हणून काम केले, मग वकिली केली आणि कन्नडमध्ये लिहीत राहिल्या. पुरस्कार मिळाला तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या. एवढ्या वर्षांना रात्र म्हणायचे?

२०२१चे साहित्याचे नोबेल मिळालेले अब्दुलरझाक गुर्ना केंट विद्यापीठात शिकवून निवृत्त झाले. त्यांची पहिली कादंबरी १९८७ची. हिंदी लेखक विनोदकुमार शुक्ल कृषी विद्यापीठात शिकवत होते. लेखात या सगळ्यांचे पुरस्कार ओळीने आले, नोकऱ्या मात्र गाळल्या. लेखक जगतो कशावर, हे कुणालाच विचारावेसे वाटले नाही.

आमच्या घरात तो प्रश्न रोजचा आहे. माझे यजमान कथा लिहितात. एकतीस वर्षे त्यांनी हिशेब खात्यात नोकरी केली. कथा लिहिल्या त्या कचेरीतून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांवर; मागच्या बाजूला अजून भत्त्यांचे आकडे दिसतात. मुलांचा अभ्यास आटोपला, ताटे उचलली, की त्याच टेबलावर ते बसत. सहा संग्रह झाले. एकदा पुरस्कार मिळाला, तेव्हा एका दैनिकाच्या (तुमच्या नव्हे) प्रतिनिधीने फोनवर दहा मिनिटे बोलून बातमी दिली : ‘निवृत्तीनंतर जोपासला लेखनाचा छंद’. यांनी पेपरची घडी घातली आणि दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. पहिला संग्रह आला तेव्हा आमचा मुलगा चौथीत होता. आज त्याचा मुलगा चौथीत आहे.

छंद म्हटले की मोबदल्याचा विषयच मिटतो. म्हणून हा शब्द मला इतका लागला. तिसऱ्या संग्रहाचे मानधन मागितले, तर प्रकाशकांनी त्याच पुस्तकाच्या चाळीस प्रती सुतळीने बांधून पाठवून दिल्या. किती प्रती विकल्या गेल्या, याचा हिशेब आजतागायत नाही. गठ्ठा पलंगाखाली आहे. करार म्हणून जे पत्र होते, त्यात मुदतच लिहिलेली नव्हती. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असे धरतात. हे आम्हाला कळले अकरा वर्षांनी, तेही वकील झालेल्या भाच्याकडून! पुरवणीत या कलमाची एक चौकट दिली असती, तर लिहिणाऱ्या कितीतरी जणांचे भले झाले असते. शुक्लांसारख्या लेखकाला २०२२मध्ये, पंचाऐंशीव्या वर्षी, रॉयल्टीबद्दल जाहीर बोलावे लागले. मग नवख्या मुलामुलींनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

आणखी एक, लिहिल्याशिवाय राहवत नाही. आंतरराष्ट्रीय बुकरचे ५० हजार पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. म्हणजे पुरस्कार देणारे दोघांना सारखे मानतात. तुमच्या लेखात मात्र बानूबाईंच्या अनुवादक दीपा भास्ती हे नाव एकदाही नाही. हेच बुकर मिळालेल्या हिंदी लेखिका गीतांजली श्रींवर अख्खा परिच्छेद आहे, त्यात त्यांच्या अनुवादक डेझी रॉकवेलही नाहीत. जागा नव्हती म्हणावे, तर समारंभातल्या साडीच्या रंगावर दोन ओळी आहेत. मी स्वतः कन्नड वाचू शकत नाही. बानूबाईंच्या कथा माझ्यापर्यंत आल्या त्या दीपाबाईंमुळे, म्हणून मला त्या नावाची उणीव जास्त जाणवली.

दुरुस्ती छापणार असाल तर दोन्ही नावे पूर्ण छापा, कोपऱ्यात नको. आणि यापुढे लेखकाची मुलाखत घ्याल तेव्हा प्रेरणा कुठून मिळाली हे जरूर विचारा, पण त्याआधी विक्रीचा हिशेब वेळेवर मिळतो का, तेही विचारा. आमच्याकडे आलात तर गठ्ठा पलंगाखालून काढून दाखवीन. सुतळी अजून सोडलेली नाही.

कळावे,
आपली नियमित वाचक