‘मूर्ती लहान’चे मथळे पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या उमेदवाराने ग्रामपंचायतीचा अर्ज भरला, की जिल्हा पानावर ‘मूर्ती लहान, पण कीर्ती महान’ हा मथळा ठरलेला. ‘बुटबैंगण’, ‘खुजा’ आता सहसा छापून येत नाही, हे मान्य. पण त्याऐवजी काय लिहायचे याचा गोंधळ आहे आणि तो नुसत्या शिष्टाचाराचा नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारणाने प्रौढपणी उंची 147 सेंमी, म्हणजे 4 फूट 10 इंच किंवा त्याहून कमी राहिली, तर ते दिव्यांगत्व आहे. मराठी याद्यांत त्याला कुठे ‘बुटकेपणा’, तर कुठे ‘शारीरिक वाढ खुंटणे’ म्हणतात. हा दुसरा शब्द घात करतो. अंगणवाडीतल्या कुपोषित मुलांचीही ‘वाढ खुंटली’ असेच आपण लिहितो. बुटकेपणाचे सर्वाधिक आढळणारे कारण अकाँड्रोप्लेझिया. तो एका जनुकातला बदल आहे. अशा दहातल्या साधारण आठ मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात. खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नाही. तरी शब्द एकच असल्याने ‘गरवार असताना नीट खाल्लं न्हाईस’ हे आईलाच ऐकावे लागते.

म्हणून आमचे म्हणणे असे. स्थितीचे नाव ‘बुटकेपणा’ राहू द्या, माणसाचे नाव ‘बुटका’ नको. ‘बुटकेपणा असलेले शिक्षक’ चालेल. मथळ्यात बसत नसेल तर उंचीच गाळा, नुसते ‘शिक्षक’ लिहा. बहुतेक बातम्यांना उंचीची गरजच नसते. (गव्हाच्या वाणाला खुशाल बुटके म्हणा, त्याची तक्रार नाही.) ‘वामनमूर्ती’ आम्हाला शिवीपेक्षा वाईट वाटते, कारण ती कौतुकाच्या सुरात येते आणि तिच्यावर रागावताही येत नाही.

इंग्रजीतून उचलून ‘लहान माणसे’ही करू नका. अमेरिकेत 1957 साली अशा व्यक्तींनी संघटना काढली, तेव्हा तिच्या नावात ‘मिजेट’ होते. चिलटासारख्या बारीक माशीवरून आलेला, सर्कशीच्या तंबूत रुळलेला तो शब्द त्यांनीच पुढे टाकून दिला आणि ‘लिटल पीपल’ घेतले. तिकडे ते शोभते. आपल्याकडे ‘आम्ही लहान माणसं’ म्हटले की अर्थ होतो गरीब, बिनवशिल्याची.

खरी मेख मात्र नामात नसून व्याकरणात आहे. चाळिशीतल्या गृहस्थाबद्दल पारावर ‘ते बारकं आलं’ म्हणतात, म्हणजे थेट नपुंसकलिंग. बातमीतही सरपंच ‘म्हणाले’, तहसीलदार ‘म्हणाले’ आणि हा ‘म्हणाला’. शब्द सुधारून क्रियापद एकेरीच ठेवले तर काय सुधारले? छायाचित्राचेही तेच. उंच माणसाशेजारी उभे करून वरून टिपण्याऐवजी छायाचित्रकाराने गुडघा टेकावा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा.

‘दिव्यांग’ हा आदराचा शब्द सगळीकडे पुरतो असेही नाही. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत या प्रकारासाठी ‘डीडब्ल्यू’ हे वेगळे संकेताक्षर असते. प्रमाणपत्रावर नुसते ‘अस्थिव्यंग’ पडले, तर पडताळणीत अडचण येऊ शकते. तेव्हा यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज भरताना प्रकार बुटकेपणाचाच निवडावा आणि प्रमाणपत्र हाती पडताच तो शब्द जागेवर वाचून घ्यावा. शिवाय उंची 147 सेंमीच्या आत असली म्हणून 40 टक्के दिव्यांगत्व आपोआप मिळत नाही. टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते आणि आरक्षण 40 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच लागू होते. बातमीत ‘आता सर्वांना लाभ’ असे लिहिले, की माणसे कामाचा दिवस मोडून जिल्हा रुग्णालयात रांगेला लागतात.

चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केल्यास 2016 च्या याच अधिनियमाच्या कलम 92 खाली सहा महिने ते पाच वर्षे कैद आहे, हेही कधी चौकटीत छापा.

आणि जाहिरात विभागाला एक विनंती. अशा बातमीखालीच ‘उंची वाढवा’च्या पावडरीची जाहिरात असते. हाडांच्या टोकांच्या वाढ-पट्ट्या एकदा जुळल्या, की कोणत्याही पावडरीने हाड लांबत नाही. वाढीच्या संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) कमतरतेवर उपचार आहेत, पण ते त्याआधी, लहान वयात आणि डॉक्टरांकडेच.

आपले,
दिव्यांग क्षेत्रातील काही कार्यकर्ते, परभणी