डबलबारी संध्याकाळी पाचलाच सुरू करा

संपादक महोदय,

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले की आमच्या कुडाळ तालुक्यात डबलबारी भजनांचे, म्हणजे दोन बुवांच्या आमनेसामने रंगणाऱ्या भजन-सामन्यांचे, फलक लागतात. मी गेली तीस वर्षं गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. दर सोमवारी आम्ही रवळनाथाच्या देवळात बसतो. भातलावणीच्या दिवसांत चारच जण उरतात, तरी बसतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापायची, पेटीशी सूर जुळवायचा. मग बुवांनी रूपाचा अभंग उचलला की दिवसभराचा शीण उतरतो. गवळण आणि शेवटचा गजर होईपर्यंत कुणी हलत नाही.

उन्हाळ्यातल्या बाऱ्यांची मात्र काळजी वाटते. पूर्वी बारी पहाटेपर्यंत रंगायची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. हा नियम मला मान्य आहे; वाडीत आजारी माणसं असतात, तान्ही मुलं असतात. पण आयोजक सत्कार आणि भाषणं आटोपून साडेआठला बारी सुरू करतात. गेल्या मे महिन्यात समोरच्या बुवांची गवळण अर्ध्यावर थांबवावी लागली. ते मुकाट्याने पेटी मिटत होते, ते पाहवलं नाही.

आयोजकांना कळकळीची विनंती आहे : बारी पाचला सुरू करा, सत्कार मध्यंतरात दोन मिनिटांत उरका. आणि सुट्टीत आलेल्या मुलांना झांजा देऊन कोरसात बसवा. मीही असाच आठव्या वर्षी बसलो होतो.

— एक पखवाजवादक, कुडाळ तालुका