मंत्रिमहोदय, आमच्या मुलीचे खाते कोणते?

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात अंगणवाडी सेविका आहे. मंत्र्यांना पत्र लिहायची सवय नाही, आमचे सगळे लिहिणे रजिस्टरात आणि मोबाइलच्या ॲपवर. तरी लिहिते आहे, कारण गेल्या रविवारी शहरात एक रोजगार मेळावा झाला. मांडव, सतरंज्या, पुढाऱ्यांचे फ्लेक्स, सगळे व्यवस्थित होते. त्यात एका टेबलामागे ‘परदेशात ऑ पेअरची सुरक्षित संधी’ असा बोर्ड लावून तोच माणूस बसला होता, ज्याने माझ्या मुलीचे १ लाख ८० हजार रुपये घेतले. संस्थेचे नाव तेवढे नवीन होते. मला ओळखून वर म्हणतो, “या मावशी, चहा घ्या.”

ऑ पेअर म्हणजे काय, हे आपल्याला मी सांगावे असे नाही, पण हे पत्र आमच्या भागातल्या बायकाही वाचतील म्हणून सांगते. तरुण मुलगी परक्या देशात एका कुटुंबात राहते, त्यांची लहान मुले सांभाळते, हलके घरकाम करते, भाषा शिकते. जर्मनीत यासाठी वय १८ पूर्ण आणि २७ च्या आत लागते, जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे अगदी पहिली पातळी लागते. काम आठवड्याला ३० तासांपर्यंत, दिवसाला सहा तासांच्या वर नाही. स्वतंत्र खोली, जेवण, विमा कुटुंबाच्या खर्चाने. महिन्याला २८० युरो हातखर्च, भाषेच्या वर्गासाठी ७० युरो वेगळे. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवडे रजा. यातले मला सुरुवातीला काहीच ठाऊक नव्हते. माझी मुलगी बी.ए. झालेली, २२ वर्षांची, पुण्याला जाऊन मॅक्समुल्लर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेतून ए-वन पास झालेली. तिला ठाऊक होते. म्हणून तर करारपत्र हातात आल्यावर ती गप्प झाली.

करारपत्रात आठवड्याचे ४५ तास लिहिले होते. पहिले तीन महिने ‘ट्रायल’, म्हणजे हातखर्च नाही. आणि कुटुंबाचे आडनाव आपल्याकडचे. मला तर बरेच वाटले, आपली माणसे आहेत, भाकरी तरी मिळेल पोरीला. ती म्हणाली, “आई, हे चालतच नाही.” घरात जर्मन बोलणारे पण मातृभाषा वेगळी असलेले कुटुंब असेल, तर मुलगी त्यांच्याच मूळ देशातली नको असा तिथला नियम आहे. व्हिसा मिळणारच नव्हता. त्या कुटुंबाला मुले सांभाळायला फुकटची बाई हवी होती, आणि आमच्या माणसाला १ लाख ८० हजार हवे होते. दोघांचे जमले.

त्यानंतर त्याने व्हिसाच्या अपॉइंटमेंटची चिठ्ठी दाखवली. शिक्का, सही, वेळ सकाळी दहा. घरी येऊन कालनिर्णयात पाहिले तर ती तारीख रविवारची.

पैसे कुठून आले तेही ऐकाच. माझ्या पाटल्या गेल्या. बचत गटाचे कर्ज झाले, त्याचा हप्ता दर महिन्याला जातो. नवऱ्याचा यंत्रमाग आहे, म्हणजे मालकाचा आहे, तो चालवतो. टॉवेलची ऑर्डर असेल तर काम, नसेल तर घरी. त्यात रात्री अडीचला उठून पाणी भरायचे, कारण आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आणि आले तर असल्या वेळी येते. मुलगी तीन आठवडे जेवायला बसली की उठून जायची. आता शेजारच्या बायका विचारतात, “काय हो, गेली नाही का जर्मनीला?” त्यांना काय उत्तर द्यायचे ते आपल्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर लिहिलेले नाही.

आता तक्रारीचे. एका पोलीस ठाण्यात गेले, तर म्हणाले, हा पैशाच्या देण्याघेण्याचा मामला, कोर्टात जा. एका साहेबांनी सल्ला दिला की मुलीचे लग्न लावून द्या, तिकडच्याच एखाद्या मुलाशी, म्हणजे व्हिसाही होईल. कामगारांच्या एका कार्यालयात म्हणाले, परदेशातले काम आमच्याकडे येत नाही. मग कोणीतरी आपल्या खात्याचे नाव सांगितले. उत्प्रवासन कायदा, म्हणजे कामासाठी परदेशी जाणाऱ्यांचा कायदा, १९८३ चा आहे, त्यात भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी सक्तीची आहे, आणि त्याला एका माणसाकडून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढेच घेता येतात. आमच्याकडून सहापट घेतले. नोंदणी आहे का विचारले तर तो माणूस हसला. म्हणाला, ही नोकरीच नाही, सांस्कृतिक देवाणघेवाण आहे, कायदा लागू नाही. आणि गंमत अशी की पासपोर्टच्या खिडकीवरच्या बाईंनीही तेच सांगितले: मुलगी दहावीच्या पुढे शिकलेली, तिच्या पासपोर्टला उत्प्रवासनाची तपासणी लागत नाही, आणि ही तपासणी ज्या १८ देशांना जाताना लागते, त्यांच्या यादीत जर्मनी तर नाहीच. म्हणजे अंगठाबहाद्दर बाई आखातात निघाली असती, तर सरकारने निदान तिचे कागद तपासले असते. शिकून निघाली, भाषा शिकून निघाली, म्हणून तिला वाऱ्यावर सोडले. वा!

आपले ‘मदद’ पोर्टल आहे, २०१५ पासून. त्यावरही गेले. ते परदेशात अडकलेल्या भारतीयांसाठी आहे. आमची मुलगी अजून सोलापुरातच अडकली आहे, तेव्हा आमचा नंबर लागत नाही. मदत हवी तर आधी फ्रँकफर्टच्या विमानतळावर जाऊन रडले पाहिजे, असा हिशेब दिसतो.

विमानतळावरून आठवले. आमच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची धुराची उंच चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून २०२३ मध्ये पाडली. २०२५ मध्ये विमानेही उडू लागली. छान झाले. पण एजंट खरा की खोटा हे तोंडावर विचारायला उत्प्रवासन संरक्षकांचे, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या आपल्याच अधिकाऱ्यांचे, कार्यालय गाठायचे तर ते राज्यात एकच, मुंबईत, साडेचारशे किलोमीटरवर. एक दिवसाचे मानधन बुडवून सिद्धेश्वर एक्सप्रेसने जायचे, आणि सांगायचे काय, तर सांस्कृतिक देवाणघेवाण झाली म्हणून.

त्या माणसाच्या टेबलावर काचेखाली एक वर्तमानपत्राचे कात्रण होते, लॅमिनेट केलेले. २०२४ मध्ये आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याची बातमी. मोठे लोक हसत हात मिळवत आहेत. बातमीत दहा हजार जणांची भाषा होती. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे धंदे त्यात, मुले सांभाळणे त्यात नाही. पण कात्रणावर बोट ठेवून तो म्हणायचा, “सरकारचेच आहे मावशी.” आपण लोक घोषणा करता, फोटो काढता, आणि निघून जाता. ती घोषणा खाली कोण कशी विकतो, हे पाहायला एक तरी माणूस ठेवता का?

मागण्या मोठ्या नाहीत. ऑ पेअर म्हणून मुलगी पाठवतो असे सांगून जो पैसे घेईल तो भरतीचा एजंट आहे, हे एकदा लेखी जाहीर करा. जिल्ह्याच्या ठिकाणी पोस्टात पासपोर्टची खिडकी आहे, तिथेच एक माणूस बसवा, जो करारपत्र वाचून सांगेल की हे ३० तासांचे आहे की ४५ चे. आणि तिथल्या नियमांचा एक कागद मराठीत छापून त्याच खिडकीवर चिकटवा. जर्मनीतला मध्यस्थ मुलीकडून १५० युरोच्या वर घेऊ शकत नाही, म्हणजे आजच्या भावाने पंधरा हजारांच्या आसपास. ही एक ओळ जरी मला आधी वाचायला मिळाली असती तरी पाटल्या हातात राहिल्या असत्या. तिथे चांगल्या मध्यस्थांना ‘राल’ नावाची गुणवत्तेची मोहर असते, तेही मुलीने शोधून काढले, आपल्या कोणी सांगितले नाही. तिच्याच वर्गातली एक मुलगी अशा मार्गाने गेली, व्यवस्थित आहे, रविवारी फोन करते. म्हणजे रस्ता खोटा नाही. रस्त्यावर दिवे नाहीत.

पण दिवे लावणार कोण? मुले सांभाळणे हे काम आहे असे कुठल्याच सरकारला वाटत नाही. तिथे ऑ पेअरला कामगार धरत नाहीत, किमान वेतन नाही. नॉर्वेने तर ही योजना २०२४ मध्ये बंदच केली, स्वस्तातल्या मोलकरणी म्हणून मुली वापरल्या जातात अशी ओरड होती. आणि इथे मी! मी रोज लहान मुलांचे वजन करते, उंची मोजते, खाऊ घालते, नाक पुसते, दुपारी ॲपवर फोटो टाकते, नेटवर्क नसेल तर गच्चीवर चढून टाकते. त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन देतात. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही संपावर बसलो, थंडीत, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी ते १३ हजार झाले. ग्रॅच्युइटीसाठी सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले की या बायकांनाही ती लागू होते. आईचे काम मानद, मुलीचे काम सांस्कृतिक. फुकटात राबणाऱ्या बायकांवर देश चालवायचा, आणि त्यातलीच एक नाडली गेली की विचारायचे, तुमचे खाते कोणते?

तुमच्या फाइलींना खाती लागतात, फसवणाऱ्याला नाही लागत. तो त्याच मेळाव्यात नवा बोर्ड लावून बसतो आणि त्याच्या डोक्यावर तुमच्याच लोकांचे फोटो असतात.

सोबत पावतीची झेरॉक्स जोडली आहे, पावतीवर ‘सल्ला शुल्क’ लिहिले आहे, सही वाचता येत नाही. करारपत्राचीही जोडली आहे. पासपोर्टची मात्र जोडता आली नाही. व्हिसाच्या कामाला म्हणून त्याने ठेवून घेतला, तो अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि परत मागितला तर आणखी वीस हजार मागतो. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे असे कायद्यात लिहिले आहे म्हणे. मग तुमची वस्तू तुम्हीच जाऊन मागा, बघू तुमच्याकडे किती मागतो.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, सोलापूर