सायकेडेलिक औषधे आणि विसरलेली संप्रेरके

महोदय,

नैराश्यावरील सायकेडेलिक, म्हणजे भास घडवून जाणिवा बदलणाऱ्या, औषधांविषयी सध्या मोठ्या उत्साहाने लिहिले जाते, परंतु त्यात एक अडचण नेहमी मागे पडते. औषध कोणाला मिळाले आणि नुसती दिखाऊ गोळी कोणाला, हे चाचणीतील रुग्णाला कळू नये असा नियम असतो. मात्र सायलोसायबिन हे असेच एक औषध घेतलेल्या माणसाला तासाभरात मिटल्या डोळ्यांपुढे आकृत्या दिसू लागल्या की ते आपोआप उमगते, आणि ज्याला काहीच जाणवत नाही त्याची निराशा वाढू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमए या मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्याच्या, मानसिक आघातानंतरच्या विकारावरील उपचाराला मंजुरी नाकारली, त्याआधी सल्लागार समितीत हाच आक्षेप मांडला गेला होता.

संप्रेरकांवरील कामाची मात्र फारशी दखल घेतली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. बाळंतपणानंतर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकापासून शरीरात बनणाऱ्या अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन या द्रव्याची पातळी झपाट्याने घसरते. प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी तेच द्रव्य शिरेवाटे देण्यास २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण त्यासाठी नव्या आईला सलग ६० तास देखरेखीखाली सलाइन लावून घ्यावे लागे. २०२३ मध्ये याच प्रकारातील, १४ दिवस घ्यायचे तोंडावाटेचे औषध मंजूर झाले. एवढा मोठा बदल आतल्या पानावरही क्वचितच दिसला.

— एक वाचक