लेथवाल्या काकांना, १७.२ एमएमच्या त्या रिंगसाठी

काका, नमस्कार.

नाशिकच्या अंबडला तुमच्या शेडवर मी दुर्बिणीतून ताऱ्यांचे फोटो काढायचा कॅमेरा, फिल्टर ड्रॉवर (फिल्टर बसवायचा खण), करेक्टर (कडेचे तारेही नीट यावेत म्हणून लावायचं भिंग) सगळं पिशवीत घालून आलो तेव्हा कंपनीचा जॉब चालू होता, तरी तुम्ही मशीन थांबवून आधी विचारलंत की हे नक्की कुठं बसतं आणि कशासाठी. खरं सांगतो, तिथंच मला हायसं वाटलं, कारण त्याआधी जिथं गेलो तिथं एका रिंगसाठी कोण सेटिंग लावणार असंच उत्तर मिळत होतं.

बाकीच्यांना कळावं म्हणून लिहितो. करेक्टरपासून कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंत ५५ एमएम अंतर लागतं, ते चुकलं की मधले तारे गोल आणि कोपऱ्यातले लांबुळके येतात. माझ्या कॅमेऱ्यात सेन्सर १७.५ एमएम आत आहे, ड्रॉवर २१ चा, म्हणजे उरले १६.५, आणि तेवढ्या मापाची रिंग तयार मिळते. पण फिल्टरची काच २ एमएम जाडीची, आणि काचेतून जाताना फोकस जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागं सरकतो, म्हणून हवी होती १७.२ ची, आणि ती कुठंच मिळेना.

रिंगच्या एम ४८ म्हणजे ४८ एमएम व्यासाच्या आट्यांना ०.७५ ची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) बघून तुम्हाला नवल वाटलं होतं, नेहमीच्या ४८ च्या बोल्टला ५ ची असते म्हणालात, आणि तरी पिच गेज लावून शांतपणे आटे पाडलेत. मी फक्त माप दिलं होतं, बाकी सगळं तुमच्या डोक्यातलं. रिंगचे दोन्ही फेस म्हणजे सपाट बाजू समांतर हव्यात म्हणून आटे असलेला मँड्रेल (रिंग पकडायचा दांडा) वेगळा बनवून त्यावर चढवून दुसरी बाजू घेतलीत, बारीक फरक दाखवणारा डायल गेज लावून दाखवलंत, कारण फेस तिरका गेला तर सेन्सरही तिरका बसतो आणि एका बाजूचे तारे बिघडतात. आतून नुसता काळा रंग नको, तिरक्या उजेडात तोही चमकतो, असं म्हणून आत बारीक आटे पाडून मग काळं केलंत. तेजस्वी ताऱ्यांभोवती जी वलयं यायची त्यात यामुळे खूप फरक पडलाय.

परवा पाथर्डी फाट्याच्या आमच्या गच्चीवरनं रोझेट नेब्युला हा तेजोमेघ (आकाशातला वायूचा ढग) फोटोत घेतला, साधारण ५००० प्रकाशवर्षं लांबचा. आजूबाजूला सगळे एलईडी दिवे, पण फिल्टर हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश आणि ऑक्सिजनचा ५००.७ चा हिरवट निळा, एवढंच आत सोडतो, बाकीचं बरंच अडवतो. चारही कोपऱ्यात तारे गोल आलेत काका, झूम करून करून बघतोय अजून!

फोटोची मोठी प्रिंट काढलीय, ती शेडवर आणून देतो. मजुरी तुम्ही घेतली नाहीत, नुसते मटेरियलचे पैसे घेतलेत, ते मला पटलेलं नाही. आणि येत्या अमावस्येला काकूंना घेऊन त्र्यंबकच्या बाजूला आमच्याबरोबर चला, मृगातला तेजोमेघ कॅमेऱ्याशिवाय, दुर्बिणीला नुसता डोळा लावूनही छान दिसतो. गाईड कॅमेऱ्यासाठी (दुर्बीण ताऱ्यावर नीट धरून ठेवायला मदत करणारा छोटा कॅमेरा) एक क्लॅम्प पण करायचाय, त्याचं माप घेऊन येतो, पण त्याची मजुरी आधी ठरवायची.

तुमचा,
पाथर्डी फाट्याचा दुर्बीणवाला